माऊस नसलेल्या नागरिकाचे संकेतस्थळ

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढायचा असो, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असो, की लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची असो, बहुतेक घरांत हे काम मोबाइलवर संकेतस्थळ उघडण्यापासून सुरू होते. ही संकेतस्थळे घडतात मात्र मोठ्या पडद्यासमोर, शेजारी माऊस ठेवून. माऊसचा बाण एखाद्या लिंकवर नेला की रंग बदलतो, खाली यादी उलगडते, एखाद्या चिन्हाचा अर्थ छोट्या चौकटीत दिसतो. याला संगणकाच्या भाषेत ‘हॉवर’ म्हणतात आणि तो घडवण्यासाठी अनेकदा जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेच्या चार ओळी लिहिलेल्या असतात. मोबाइलवर हा बाणच नाही. बोट काचेला टेकते किंवा टेकत नाही. न दाबता नुसते एखाद्या शब्दावर असणे, ही अवस्था त्याला ठाऊकच नाही. म्हणून सार्वजनिक संकेतस्थळावरची एकही आवश्यक गोष्ट, मग ती अर्जाची लिंक असो, कागदपत्रांची यादी असो की अंतिम तारीख, केवळ हॉवरच्या भरवशावर ठेवता कामा नये. आणि असे ठेवलेले काम शासनाने कंत्राटदाराकडून स्वीकारता कामा नये. बाब तांत्रिक वाटते, पण तिचा निर्णय प्रशासकीय आहे, म्हणून ती सर्वसाधारण वाचकापुढे मांडायला हवी.

ही पद्धत रूढ कशी झाली हे पाहिले की तिच्यामागचे गृहीतक स्पष्ट होते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे पडद्यावरच्या वस्तूकडे बाण नेणे हीच संगणक वापरण्याची सर्वमान्य रीत ठरली. १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट तयार केली, तेव्हा बाण लिंकवर आला ही घटना ओळखण्याची सोय तिच्यात सुरुवातीपासूनच होती. १९९६च्या नेटस्केप ३ मध्ये चित्र बदलता येऊ लागले आणि बाण नेताच उजळणाऱ्या बटणांची लाट आली. १९९८मध्ये पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने हेच काम जावास्क्रिप्टशिवाय करण्याचा मार्ग दिला, पण पुढे घरोघरी पोहोचलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर सीएसएसमधला हॉवर फक्त लिंकवरच मानत असे. यादी उलगडायची तर पुन्हा जावास्क्रिप्टचाच आधार घ्यावा लागे. संकेतस्थळे बांधणारी एक पिढी यातूनच शिकली. त्या पिढीचे काही चुकले नव्हते. संकेतस्थळ वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात तेव्हा माऊस होता. चूक झाली ती नंतर. वाचणारा बदलला आणि बांधणाऱ्याची सवय तीच राहिली.

वाचणारा किती बदलला ते केंद्र सरकारच्याच पाहण्या सांगतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी कुटुंबांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. दुसरीकडे, २०२५च्या सुरुवातीला झालेल्या दूरसंचारविषयक पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन आढळला. म्हणजे खेड्यातली कुटुंबे टेबलावरच्या संगणकाचा टप्पा ओलांडून थेट मोबाइलवर आली. ती माऊस विसरली असे नव्हे. तो त्यांच्या घरी कधी आलाच नव्हता. पाटोद्यासारख्या तालुक्यात याला आणखी एक कारण जोडले जाते. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा कोरडवाहू भाग. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली असंख्य जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, फडावरच्या कोपीत राहतात. या महिन्यांत गावचा तलाठी, शाळा, बँक आणि तहसील कार्यालय यांच्याशी त्यांचा दुवा म्हणजे खिशातला फोन. शासनालाही हे मान्य आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करावी, याच अपेक्षेवर उभी आहे. योजना आखताना नागरिकाच्या हाती मोबाइल आहे असे धरायचे आणि संकेतस्थळ बांधताना त्याच्या हाती माऊस आहे असे धरायचे, या दोन्ही गोष्टी एकाच शासनाला शोभत नाहीत.

मोबाइलवर अशा पानाचे नेमके काय होते, ते थोडे तपशिलात पाहू. माऊससाठी लिहिलेली जुनी पाने अगदीच बंद पडू नयेत म्हणून मोबाइलचे ब्राउझर स्पर्श झाला की माऊसचा देखावा उभा करतात. बोट उचलताच ते पानाला आधी ‘बाण वर आला’ असे कळवतात आणि लगेच ‘क्लिक झाले’ असे कळवतात. आयफोनवरचा सफारी बाण आल्याच्या संदेशानंतर पानावर काही नवे दिसू लागले, तर तिथेच थांबतो आणि दुसऱ्या स्पर्शाची वाट पाहतो. अँड्रॉइडवर बहुधा हे दोन्ही संदेश एकाच स्पर्शात लागोपाठ जातात. ‘योजना’ हा शब्द स्वतः एक लिंक असेल आणि हॉवरने त्याखाली उपयोजनांची यादी उघडत असेल, तर बोट लावताच यादी क्षणभर चमकते आणि पान दुसरीकडेच निघून जाते. ती लिंक नुसती नावापुरती ठेवलेली असेल, तर पान उडी मारून वर जाते आणि काहीच घडत नाही. अर्जदाराला वाटते, योजना बंद झाली किंवा आपलेच काही चुकले. डोंगराळ भागात नेटवर्कची एखादीच काडी असताना चुकीचे पान उघडणे म्हणजे पुन्हा मागे येणे, पुन्हा थांबणे, आणि लॉगिनची मुदत संपली असेल तर पुन्हा ओटीपी मागवणे. चिन्हांची गोष्ट याहून वाईट. छपाई, डाउनलोड, दुरुस्ती यांच्यासाठी नुसती चिन्हे ठेवायची आणि त्यांचा अर्थ बाण नेल्यावरच दाखवायचा, अशी रचना असेल तर मोबाइलवर तो अर्थ कधीच दिसत नाही. अर्ज ‘रद्द करा’ आणि ‘दुरुस्त करा’ यांतला फरक ज्याला चिन्हावरून ओळखावा लागतो, त्याची चूक महागात पडू शकते.

ही अडचण फक्त बोटाने वापरणाऱ्यांची नाही. दृष्टी नसलेला माणूस पडदावाचक सॉफ्टवेअर वापरतो. ते पानावरचा मजकूर बोलून दाखवते आणि कीबोर्डच्या कळांनी किंवा स्पर्शाने पुढे सरकते. हात थरथरणाऱ्या वृद्धाला बाण यादीच्या अरुंद वाटेवरून नेता येत नाही. जरा बाहेर सरकला की यादी मिटते. दृष्टी कमी असलेला माणूस पान मोठे करून पाहतो, तेव्हा हॉवरने उघडलेली चौकट हवा तो मजकूरच झाकून टाकते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली. त्यांच्यासाठीचे नियम जगभर मान्य आहेत. जून २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या मानकांत हॉवरने दिसणाऱ्या मजकुरासाठी तीन स्पष्ट अटी आहेत. तो मजकूर बाण न हलवता मिटवता आला पाहिजे, बाण त्या मजकुरावर नेला तरी तो टिकला पाहिजे, आणि वाचणाऱ्याने मिटवेपर्यंत किंवा बाण दूर नेईपर्यंत तो आपोआप नाहीसा होता कामा नये. पानावरची सारी कामे कीबोर्डने करता यावीत, ही तर त्याहून जुनी आणि पायाभूत अट. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९मध्ये आणली आणि २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती मोबाइल अ‍ॅपसह लागू केली. नियम नाहीत म्हणून हे घडते, असे म्हणायला जागा उरलेली नाही.

कायद्याची बाजू तर गेल्या काही वर्षांत अधिकच भक्कम झाली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ने माहिती-तंत्रज्ञानाची सुगमता हे शासनाचे कर्तव्य ठरवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीबाबतच्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्या निकालात दिव्यांगांसोबत ग्रामीण भागाचा आणि दुर्बल घटकांचाही विचार आहे. आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चा आहे. कोणत्या सेवा मिळतात, त्यांना काय लागते आणि त्या किती दिवसांत मिळायला हव्यात, हे कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लोकांना दिसेल असे मांडण्याची अपेक्षा हा कायदा करतो. कार्यालयातला फलक कपाटात ठेवून ‘विचारल्यावर दाखवू’ असे म्हटले, तर ते कायद्याचे पालन ठरणार नाही. ज्या यादीपर्यंत नागरिकाचे बोट पोहोचू शकत नाही, ती यादी संकेतस्थळावर असूनही प्रसिद्ध झालेली नाही, असाच अर्थ घ्यायला हवा.

उपाय मात्र अवघड नाही आणि खर्चीक तर मुळीच नाही. संकेतस्थळ बांधणाऱ्याने यादी उघडण्याचे काम माऊसच्या घटनेला न बांधता बटणाच्या दाबण्याला बांधावे. तेच बटण बोटाने, माऊसने आणि कीबोर्डच्या एंटरने सारखेच चालते. यादी उघडी आहे की मिटलेली, हे पडदावाचकाला कळवणारा एक गुणधर्म त्या बटणाला जोडावा. एस्केपची कळ दाबल्यावर आणि बाहेर कुठेही स्पर्श केल्यावर यादी मिटावी. लिंकचा रंग किंवा अधोरेखा हॉवरने बदलायची असेल, तर कीबोर्डने त्या लिंकवर आल्यावरही तीच खूण दिसावी. समोरच्या यंत्राला हॉवर जमतो की नाही, हे आता सीएसएसलाच विचारता येते. जमत असेल तरच हॉवरची सजावट लावावी, म्हणजे मोबाइलवर स्पर्शानंतर लिंक रंगलेलीच अडकून राहत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तरी काम अडू नये. कमकुवत नेटवर्कवर पानाचा मजकूर येतो आणि जावास्क्रिप्टची फाइल अर्ध्यावर राहते, हे नेहमीचे आहे. अशा वेळी ‘योजना’ या शब्दावर बोट ठेवले की सर्व योजनांची नावे आणि लिंक सरळ लिहिलेले एक साधे पान उघडावे. त्यावर जावास्क्रिप्टने उलगडणारी यादी चढवली तर ती सोय ठरते. त्या पानाच्या जागी ती बसवली तर अडथळा ठरते.

यावर पहिला आक्षेप संकेतस्थळांची रचना करणारेच घेतील. हॉवर उपयोगी आहे, तो काढून टाकणे म्हणजे मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्यांचे नुकसान करणे, असे ते म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कोणता शब्द दाबता येतो हे बाण नेताच कळते, लांबलचक तक्त्यात कोणत्या ओळीवर आहोत ते दिसते, दिवसभर शेकडो नोंदी तपासणाऱ्या कारकुनाचे श्रम वाचतात. म्हणून हॉवर काढून टाका, अशी मागणी इथे नाही. मागणी क्रम बदलण्याची आहे. आधी प्रत्येक गोष्ट स्पर्शाने आणि कीबोर्डने मिळायला हवी, नंतर ज्याच्याकडे माऊस आहे त्याच्यासाठी हॉवरने ती अधिक सोपी करावी. या क्रमाने काम केले तर मोठ्या पडद्यावरच्या माणसाचे काहीच जात नाही. आजच्या क्रमात मात्र मोबाइलवरच्या माणसाचा प्रवेशच थांबू शकतो. दोन्ही बाजूंचे नुकसान एका मापाने मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रशासनाच्या बाजूने येतो. नागरिकांसाठी गावोगावी आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, मोबाइलसाठी स्वतंत्र अ‍ॅप आहेत, मग संकेतस्थळ मोबाइलवर नीट चालण्याचा आग्रह कशाला? सेवा केंद्रांनी मोठे काम केले आहे, हे निःसंशय. पण केंद्र ही मदत असावी, सक्ती असू नये. ज्याला स्वतः अर्ज भरता येतो, त्यालाही केवळ पान उघडत नाही म्हणून बस पकडून तालुक्याला जावे लागत असेल, तर त्या दिवसाची मजुरी आणि केंद्राचे शुल्क हा खराब बांधणीचा भुर्दंड गरिबाच्या माथी बसतो. फडावर असलेल्या मजुराला तर गावचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर असते. शिवाय केंद्रात अर्ज भरणाऱ्याचा आधार क्रमांक आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती जाण्याचा धोका वाढतो. राहिली अ‍ॅपची गोष्ट. प्रत्येक खात्याचे वेगळे अ‍ॅप ठेवायला स्वस्त फोनमध्ये जागा नसते, आणि शासनाकडून येणाऱ्या एसएमएसमधली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लिंक बहुधा ब्राउझरमध्येच उघडते. अ‍ॅप असले तरी संकेतस्थळाची जबाबदारी संपत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. लोकांचे खरे हाल सर्व्हर बंद पडल्याने, ओटीपी न आल्याने, आधार आणि बँकेतली नावे न जुळल्याने होतात, लिंकवरचा हॉवर ही त्यापुढे किरकोळ गोष्ट आहे, असे कुणी म्हणेल. क्रमवारीत हे बरोबर आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडणे हा कितीतरी मोठा अन्याय आहे. पण सर्व्हरची क्षमता वाढवायला निधी लागतो, आधारची दुरुस्ती अनेक यंत्रणांच्या हाती असते. हॉवरचा दोष मात्र एकाच संस्थेच्या, एकाच फाइलच्या आणि बहुधा एका दिवसाच्या कामाचा आहे. जे विनाखर्च आणि ताबडतोब होण्यासारखे आहे, ते मोठ्या प्रश्नांची वाट पाहत पडून राहावे याला कारण नाही. शिवाय हा दोष दुसऱ्या मोठ्या दोषाची खूण असतो. ज्या पानावर तो उरला आहे, ते पान प्रसिद्ध करण्यापूर्वी कुणीही स्वस्त फोनवर उघडून शेवटपर्यंत वापरून पाहिलेले नाही, असे खात्रीने समजावे. ती एक तपासणी झाली असती, तर हॉवरसोबत आणखीही अनेक अडथळे सापडले असते.

म्हणून खरा बदल कामाच्या स्वीकृतीत व्हायला हवा. निविदेत ‘संकेतस्थळ मोबाइलवर चालावे’ एवढे वाक्य पुरेसे नाही. देयक मंजूर होण्यापूर्वीची चाचणी त्यात लिहिलेली असावी. एक कमी किमतीचा अँड्रॉइड फोन घ्यावा आणि जिथे नेटवर्क खरोखर कमकुवत आहे अशा पाटोद्यासारख्या तालुक्यात, शेतकरी, विद्यार्थी आणि बचत गटातल्या महिला यांच्या हातून प्रत्येक सेवा पहिल्या पानापासून पावती मिळेपर्यंत वापरून पाहावी. मग माऊस बाजूला ठेवून तीच सेवा केवळ कीबोर्डने पूर्ण करावी. शेवटी पडदावाचक लावून, डोळस माणसाच्या मदतीशिवाय, ती एखाद्या दृष्टिहीन नागरिकाकडून करून घ्यावी. तिन्ही वेळा काम पूर्ण झाले तरच काम स्वीकारावे आणि चाचणीचा निष्कर्ष त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. एवढ्यासाठी नवा विभाग, नवे महामंडळ किंवा नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाची इच्छा आणि कंत्राटातली एक अट पुरते.

हीच शिस्त शिक्षणातही यायला हवी. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि संगणक संस्थांत वेब डिझाइन शिकवले जाते, तेव्हा बाण नेल्यावर रंग बदलणारी लिंक हा विद्यार्थ्यांच्या आवडीचा धडा असतो, कारण चार ओळी लिहिताच पडद्यावर काहीतरी जिवंत घडते. तो धडा जरूर शिकवावा. मात्र त्याच तासाला विद्यार्थ्याने तेच पान स्वतःच्या फोनवर उघडावे, लिंकवर बोट ठेवावे आणि काय होते ते लिहून काढावे. त्याच्या घरातली माणसे ज्या यंत्रावर शासनाला भेटतात, ते यंत्र त्याच्याच खिशात आहे. उद्या शासनाची संकेतस्थळे बांधणाऱ्या मुलामुलींत या तालुक्यांतली मुले असतीलच. आपला वाचक कोण आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही, फक्त त्या जाणिवेला अभ्यासक्रमात जागा मिळाली पाहिजे.

जिल्हा प्रशासनाने, राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंपन्यांनी आपापली पाने या एका कसोटीवर तपासावीत : माऊस काढून टाकला तर नागरिकाचे काम पूर्ण होते का? होत नसेल तर ते पान अपुरे आहे, मग दिसायला कितीही देखणे असो. वाचकांनीही हे निमूट सोसू नये. एखाद्या शासकीय संकेतस्थळावर फोनवरून लिंक उघडत नसेल, तर आपल्याला जमत नाही असे समजून गप्प बसू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि फोनचे मॉडेल लिहा आणि आपले सरकारच्या तक्रार निवारण व्यवस्थेत लेखी तक्रार नोंदवा. ही तुमच्या अडाणीपणाची कबुली नाही. तुमच्या हक्काच्या सेवेत राहिलेल्या दोषाची ती नोंद आहे, आणि तो दोष दुरुस्त करणे हे शासनाचे काम आहे.